पेरूच्या वडीसाठी जाड अक्षर

१२ ऑगस्ट, सोमवार

१४८/९०. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलंय, रोज सकाळी दाब मोजायचा आणि या वहीत लिहायचा. लिहिला. खालचं पान कोरं ठेवा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

आज ती यिनेत आली होती. चौकात मोबाइलची कव्हरं विकते, लग्नपत्रिका करते, आणि आता दुकानांना "चेहरा" देते म्हणे. माझ्या पोरीने, एदिल्माने, बोलावलेली. मी जेवतो त्या टेबलावर तिने लॅपटॉप ठेवला, माझी वाटी बाजूला सारून. म्हणाली, "डॉन एवेलिओ, आज आपण तुमच्या दुकानाचं अक्षर ठरवायचं. जाड, ठसठशीत. लांबून ओरडणारं."

अक्षर ओरडतं. एकतीस वर्षं मी छापखान्यात जुळारी होतो, अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले, एकाही खिळ्याने माझ्याकडे बघून हूं केलं नाही.

दुकानाला माझं नाव द्यायचं हे पोरीने परस्पर ठरवलं. 'एवेलिओ पिन्सोन – पेरूच्या वड्या.' कढई तिची, घाम तिचा, नाव माझं. का, तर यिनेत म्हणते, म्हाताऱ्या माणसाचं नाव असलं की माल जुना आणि खरा वाटतो. म्हणजे मी जुना. खरा आहे की नाही ते कुणी विचारलं नाही.

मी हे सगळं थट्टेवारी नेलं असतं. पण शाळेतलं जेवणघर बंद झाल्यापासून एदिल्माला काम नाही. तिने स्पष्ट सांगितलंय – डिसेंबरपर्यंत दुकान चाललं तर चाललं, नाही तर घराला कुलूप आणि आपण दोघं बुकारामांगा शहरात, अंपारोकडे. अंपारो म्हणजे माझी थोरली. पाचवा मजला, लिफ्ट नाही, खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. मी तिथे एकदा नऊ दिवस राहिलो. दहावा काढला नसता.

म्हणून अक्षर बघितलं.

१३ ऑगस्ट

१५२/९२. यिनेतमुळे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

दाब मोजला नाही. दंडाला बांधायची पट्टी सापडत नाही. एदिल्मा म्हणते तुम्हीच ठेवलीत. मी ठेवली असती तर सापडली असती.

यिनेतने अठरा अक्षरं दाखवली. मोजली मी. पहिलं इतकं बारीक की त्याला आधी जेवायला घालावंसं वाटलं. दुसरं गोगलगाय चालून गेल्यासारखं, सगळं एकमेकांत चिकटलेलं, कुठे माझं नाव संपतं आणि कुठे आडनाव सुरू होतं देव जाणे. मग जाड अक्षरं सुरू झाली. एक फुग्यांचं. एक चौकोनी, विटांचं. एक असं की 'ओ'चं भोकच बुजलेलं.

"या भोकात शाई भरेल," मी म्हटलं.

"शाई नाही हो, डॉन एवेलिओ, हे बॅनरवर छापतात."

"मग बॅनरमध्ये भरेल."

ती हसली. मी विनोद केला नव्हता. जाड अक्षर म्हणजे बारीक अक्षराला पाणी पाजून फुगवलेलं नव्हे. खरं जाड अक्षर मुळातच जाड कोरतात. त्याला कंबर असते, त्याचं पोट कुठे आणि पाय कुठे ते कळतं. हिची अक्षरं सुजलेली आहेत. आमच्या आईचे पाय शेवटी तसे झाले होते.

हे बोललो तर एदिल्मा म्हणाली, "पापा, त्या बाईला आपण कामाला बोलावलंय. तुमची परीक्षा द्यायला नाही."

शेवटी तिने तिचं लाडकं अक्षर पुढे केलं. गोल, गुबगुबीत, कडेला पिकल्या पेरूचा रंग. म्हणे या अक्षराला स्वभाव आहे. मी विचारलं कसला. "गोड, प्रेमळ, घरगुती." म्हणजे माझ्या नावाला माझ्यात नसलेला स्वभाव लावायचा.

१९ ऑगस्ट, सोमवार

१५०/९०. पट्टी भाकरीच्या टोपलीत होती. तिथे कुणी ठेवली ते मी विचारलं नाही.

आज यिनेतचं अक्षर तपासलं. तिने मोठ्या कागदावर छापून आणलं होतं. दोघींना दारात कागद धरून उभं केलं आणि मी चौकापलीकडे चर्चच्या पायऱ्यांवर गेलो. बघितलं. काही नाही. गुलाबी काहीतरी. माझ्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून बाजूच्या दुकानातल्या एर्मेस न्हाव्याला बाहेर बोलावलं.

"एर्मेस, माझ्या दारात काय लिहिलंय?"

त्याने डोळ्यांवर हात आडवा धरून निरखलं. "लिहिलंय? मला वाटलं एदिल्माने चादर वाळत घातलीय."

परत येऊन सांगितलं. यिनेत म्हणाली, उन्हाची तिरीप होती. चादरीवर पण तिरीप असते, तरी चादर ओळखू आली.

आपण आता या घरात किती महिने आहोत ते त्या गुबगुबीत अक्षरावर ठरणार. झोप नीट लागत नाही.

२२ ऑगस्ट

१४६/८८. पाऊस. छताला परत तोच डाग, थोडा मोठा. कढईत पेरू रटरटतोय. वास चांगला येतो, हे मान्य.

२६ ऑगस्ट, सोमवार

छापखान्यात गेलो. निवृत्त झाल्यापासून चौथ्यांदा. मालक गेल्यावर आता त्यांची बायको बघते, डोन्या कुस्तोदिया. बघते म्हणजे काय, लॉटरीची तिकिटं आणि मृत्यूचे कागद, एवढंच छापते. बाकी सगळं यिनेतसारख्यांनी नेलं.

सरळ मागच्या खोलीत गेलो आणि तळाचा खण ओढला. लाकडी ठसे तिथेच. वीतभर उंच. जुन्या मालकाने बापाच्या काळी परदेशातून आणवलेले. एकेका अक्षराचं वजन हाताला कळतं. 'एन'चे पाय बघावेत – दोन खांब आणि मध्ये तिरकी तुळई, घर उभं राहील त्यावर. यांना म्हणतात जाड अक्षर. हे चर्चच्या पायऱ्यांवरून काय, टेकडीवरून वाचता येईल.

एकतीस वर्षं हीच अक्षरं जुळवली. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढचं शिक्षण या खोलीत झालं, तेही उलटं, कारण ठसे उलटे असतात. अजूनही छापलेला कागद सरळ वाचायला मला क्षणभर जास्त लागतो. उलटा मात्र धडाधड वाचतो.

कुस्तोदिया दारात येऊन उभी राहिली. "एवेलिओ, तुला काय हवंय त्या खणात?"

"माझं नाव."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं. तब्येत कशी आहे?"

"दाब आहे."

"हं," म्हणाली. "घे. तुला पाहिजे तसं जुळव. मी कॉफी टाकते."

चांगली बाई. उगाच खोदून विचारत नाही.

२७ ऑगस्ट

एदिल्माला सांगितलं. ती म्हणाली फलकावर यिनेतचंच अक्षर राहील, त्यात बदल नाही. पण उद्‌घाटनाचे कागद तुमच्या ठशांवर छापायचे असतील तर छापा. "तेवढंच तुमच्या मनाचं."

लहान मुलाला कढईचा चमचा चाटायला देतात तसं दिलं. घेतलं.

५ सप्टेंबर, गुरुवार

१४२/८८. बोटं दुखतात पण छान दुखतात.

ठसे जुळवून फर्मा बांधला. दोनच 'E' आहेत त्या खणात आणि माझ्या नावात दोनच लागतात. जणू माझ्यासाठीच ठेवले होते. फर्म्याची चौकट आधीच बसवलेली होती, चारी बाजूंनी काळी जाड पट्टी. सुबक दिसते म्हणून काढली नाही. वर नाव, पूर्ण रुंदीत. खाली वार, तारीख, वेळ, जागा. त्याखाली वड्यांची ओळ, ती बारीक खिळ्यांत, कारण मोठे खिळे नावात आणि तारखेतच संपले. शेवटी आभार. हात आपोआप चालत होते, मला विचार करावा लागला नाही. ज्याचे हात विचार करतात तो खरा जुळारी. यिनेत दर अक्षरामागे दहा मिनिटं हनुवटी खाजवते.

साठ कागद छापले. प्रूफ ठशांवरच वाचलं, उलटं. एकही चूक नाही.

कुस्तोदिया म्हणाली चिकटवायचं तिच्या माणसाकडे सोपव, तो आदल्या संध्याकाळी नेहमीच्या जागी लावेल. चर्चची भिंत, औषधाचं दुकान, बसथांबा, बाजाराचं फाटक. खालच्या वाड्यांवरही पाठवीन म्हणाली. मी घरी येऊन झोपलो. दोन तास सलग.

१४ सप्टेंबर, शनिवार

सगळं लिहायला हवं. दाब मोजलेला नाही, मोजायची हिंमत नाही.

सकाळी नऊपासून लोक यायला लागले. एदिल्माने टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, वड्या बिहाओच्या वाळक्या पानात बांधून रचल्या होत्या, बाजूला ताजं चीज. मी आतल्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालत होतो. बाहेर कुजबुज ऐकू आली आणि बरं वाटलं. मग रडणं ऐकू आलं.

बाहेर आलो. घर भरलेलं. बायका काळ्या कपड्यांत. तिघींच्या हातात मेणबत्त्या, एकीच्या हातात जिवंत कोंबडी, रश्शासाठी. समोरच्या डोन्या आल्बिनाने जपमाळ सुरू केली होती, अर्ध्या घराने तिच्यामागे म्हणायला सुरुवातही केली होती. एर्मेस न्हावी वस्तरा आणि टॉवेल घेऊन आलेला. मयताची दाढी तोच करतो गावात.

मला बघून जपमाळ थांबली. कोंबडी तेवढी बोलत राहिली.

"डॉन एवेलिओ," आल्बिना म्हणाली, "हे शोभत नाही."

"काय शोभत नाही?"

"असं उभं राहणं."

एर्मेसने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. माझाच कागद. पहिल्यांदा सरळ वाचला:

एवेलिओ पिन्सोन
शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी दहा वाजता
राहत्या घरी
(इथे बारीक, जवळ नेल्याशिवाय दिसत नाही – पेरूच्या वड्या, बिहाओच्या पानात)
आपल्या उपस्थितीबद्दल कुटुंब आभारी आहे

काळी चौकट. मयताची अक्षरं. ते ठसे त्या खणातून दुसऱ्या कशासाठी कधी निघालेच नव्हते, एकतीस वर्षांत एकदाही नाही, आणि ते काढणारा मीच होतो. गावात असं अक्षर भिंतीवर दिसलं की लोक नाव वाचतात आणि घरी जाऊन पेटीतून काळा कपडा बाहेर काढतात. खालचं कोण वाचतो.

"कुस्तोदिया," मी म्हटलं. ती खुर्चीवर बसली होती. "तुला दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं स्वतःचं आधीच करून ठेवतोयस. डॉन प्लुतार्कोने नाही का, चार वर्षं आधी छापून घेतलं होतं? तारीख बघून मात्र जरा विचित्र वाटलं मला."

"आणि विचारलं नाहीस?"

"असल्या गोष्टी विचारतात का माणसाला."

एर्मेसने मला खुर्चीत ढकललं. "आलोच आहे तर करून टाकतो," म्हणाला, आणि भर माणसांत माझी दाढी केली. कुणीतरी हसलं. मग सगळेच. आल्बिना नाही.

आणि मग दारात मिसाएल.

माझा धाकटा भाऊ. खालच्या वाडीवर असतो, पेरूची बाग आहे. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. अंगात काळा कोट, बहुधा लग्नातला, खांद्यावर उंदरांनी खाल्लेला. माणसांमुळे त्याला मी दिसलो नाही.

"कुठे ठेवलाय त्याला?" त्याने विचारलं.

"इथे," मी म्हटलं. अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता.

त्याने बघितलं. टोपी काढलेली होती ती परत घातली. मग म्हणाला, "कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दोनदा. माझं नाव या वेळी पण नाही."

आई गेली तेव्हाचा कागद मीच जुळवला होता. खाली मुलांची नावं. फर्मा आवळताना मिसाएलची ओळ निसटली, मला दिसली नाही, मी रडत होतो. कागद भिंतींवर लागले तेव्हा आईला एकच मुलगा होता. त्याला वाटलं मी मुद्दाम केलं. मला वाटलं, हा असा विचार करूच कसा शकतो. मग एकोणीस वर्षं.

"निसटली होती ती ओळ," मी म्हटलं.

"ओळी निसटतात," तो म्हणाला. "आज तर अख्खं मरण निसटलंय तुझ्या हातून." आणि वडी खायला घेतली. तोंडात घोळवली. "पेरू कुठला? बाजारातला? छे."

आल्या माणसाला कॉफी आणि काही खायला देतात मयताच्या घरी. ते पाळलंच पाहिजे, माणसं आली आहेत म्हटल्यावर. एदिल्माने सगळ्या वड्या वाटल्या. मयताच्या घरी कुणी पैसे पुढे करत नाही. दुपारी टेबलावर पांढरं कापड आणि पानांचे तुकडे.

ती भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पापा, जन्मभर लोकांचं मरण छापलंत. माझं दुकान उघडायचं तरी तेच आलं हाताला?"

मी फडकं घेऊन भांडी पुसत राहिलो. डिसेंबर जवळ आलाय.

१५ सप्टेंबर

१६४/९८. कोंबडी अजून अंगणात आहे. तिची मालकीण परत न्यायला तयार नाही. म्हणते दिलेलं दिलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

बाहेर पडणं मुश्किल. औषधाच्या दुकानात: "या या, डॉन एवेलिओ, तिकडे उकडत असेल ना?" बसथांब्यावर ड्रायव्हर टोपी काढून छातीशी धरतो. या गावाला एक विनोद दिला की वर्षभर पुरवून खातं.

दुपारी शेजारच्या गल्लीतली बाई दारात. "मयताच्या वड्या आहेत का? सहा द्या."

एदिल्माने दिल्या. दार बंद करून माझ्याकडे बघितलं. हसायचं की रडायचं ते तिचं ठरेना.

२१ सप्टेंबर, शनिवार

"मयताच्या" मागायला आलेले: अकरा जण. "एवेलिओ पिन्सोनच्या" मागायला आलेले: कुणी नाही.

२४ सप्टेंबर

यिनेत आली. मला वाटलं आता तरी गप्प बसेल. तर तिच्या हातात माझा कागद, चौकातल्या भिंतीवरून सोलून आणलेला, आणि डोळे असे की लॉटरी लागलीय.

"एदिल्मा, हेच अक्षर. मी मूर्ख होते. एवढं वजन, एवढा ठाम चेहरा, आणि पूर्ण गावाला माहीत. असं अक्षर आपण विकत आणू शकत नाही."

मूर्ख होते, हे माझ्यासमोर बोलली. तारीख लिहून ठेवली.

पण पुढचं ऐका. दुकानाचं नाव बदलायचं – 'मयत'. एवढंच. मोठ्या लाकडी अक्षरात, काळी चौकट, खाली बारीक 'पेरूच्या वड्या'. तिने छापखान्यात जाऊन एकेका ठशाचा फोटो काढला. लाकडाला गेलेली चीर, 'ए'ला पडलेला टवका, सगळं कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उचलणार. टवका म्हणे फार सुंदर आहे. तो टवका मी पाडला होता, १९८८ मध्ये, ठसा पायावर पडून. मला तेव्हा मालकाने काय सुनावलं होतं!

एदिल्माने माझ्याकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं, पापा?"

माझं म्हणणं असं की जिवंत माणसाच्या दारावर 'मयत' लिहू नये. पण पाचवा मजला आठवला. म्हटलं, लिहा.

४ ऑक्टोबर

१३८/८६. भिंत रंगवली. चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बघितली. वाचता येते. एर्मेसलाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

मिसाएल दर गुरुवारी येतो आता. दोन पोती पेरू घेऊन. म्हणतो, तुमच्या बाजारातल्या पेरूचं कुणी नाव काढू नये. ओट्यावर बसतो, मीही बसतो. फार बोलत नाही. त्याचा गुडघा गेलाय, माझी दाढ गेलीय, एवढं झालं की विषय संपतो. आज जाताना भिंतीकडे बघून म्हणाला, "तुझ्या जाड अक्षरांना आता जरा मोकळं वाटत असेल. बिचाऱ्यांनी कधी गोड खाल्लं नव्हतं."

त्याला पण विनोद करायचाच असतो.

२३ ऑक्टोबर

पिशव्यांवर तेच अक्षर. खोक्यांवर तेच. राजधानीला जाणाऱ्या बसच्या मागे एवढं मोठं. यिनेत माझ्याशी आता "गुरुजी" म्हणून बोलते. असली नम्रता मला सोसत नाही. एदिल्माने मदतीला दोन बायका ठेवल्या. कढई मोठी घेतली.

१ नोव्हेंबर

अंपारोचा फोन. एदिल्माचं बोलणं मी ऐकलं: "नाही गं, आम्ही येत नाही. कशाला येऊ? इथे बसायला वेळ नाही." अंगणात जाऊन उभा राहिलो. छपराचा डाग, कोंबडी, समोर टेकडी. सगळं जागच्या जागी. दाब मोजलाच नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कुस्तोदिया आली. बसली नाही.

डॉन सालोमोन गेले, जुने पोस्टमास्तर. पंचाऐंशी वर्षांचे. रविवारी तिने त्यांचा कागद छापला, नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या चौकटीत, नेहमीच्या भिंतींवर लावला. काल मूठमातीला सहा माणसं. गावात अर्ध्या घरांची पत्रं त्यांनी वाचून दाखवलेली. सहा.

"लोक म्हणाले, तुमच्या दुकानाचं काहीतरी आहे असं वाटलं," ती म्हणाली. "नवीन काही काढलं असेल. बाजारात एक बाई मला विचारते, सालोमोन कशाची वडी आहे? अंजिराची का?"

मी म्हटलं, बस तरी.

"नाही," म्हणाली. "आता मी लोकांना कुठल्या अक्षरात सांगू, एवेलिओ? तो खण माझ्याकडे आहे, पण अक्षर गेलं."

२० नोव्हेंबर

१५८/९४. एदिल्माशी बोललो. म्हटलं, अक्षर बदला, यिनेतचं ते गुबगुबीत घ्या, मला चालेल. तीही सालोमोनकडे गेली नव्हती. कागद बसथांब्यावर बघितला होता आणि कुणाच्या तरी बिस्किटांची जाहिरात असेल म्हणून पुढे गेली.

मग म्हणाली, "पापा, दुकान म्हणजे आता ते अक्षरच आहे. ते काढलं तर काय उरतं? पेरू सगळेच शिजवतात."

खरं आहे. म्हणून जास्त राग आला. यिनेतचा नाही, तिने फक्त उचललं. वाकून तो खण कुणी उघडला होता ते मला माहीत आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मिसाएल आला नाही. पोती त्याच्या जावयाबरोबर पाठवली. छातीत धरलंय म्हणे, काही विशेष नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

मिसाएल पहाटे गेला.

कुस्तोदियाने माणूस पाठवला – कुठल्या अक्षरात? ठसे नको म्हटलं. कोरे कागद घेतले. हाताने लिहितोय, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. मिसाएल पिन्सोन. उद्या, तीन वाजता. खाली: त्याचा भाऊ एवेलिओ. साठ लागतील. अकरा झाले.